अठराव्या मिनिटानंतर

७ जुलै २०२५, सोमवार

नवीन बाई आली. तासिका तत्त्वावर. शिवलीला हत्तुरे, अक्कलकोटकडची. पहिल्याच दिवशी मला विचारते काय — "सर, मागच्या खोलीतले आठ कॉम्प्युटर बंद आहेत, की बंद ठेवलेत?" बंद ठेवलेत! जणू मीच कुलूप घालून बसलोय. म्हटलं, मरून चार वर्षं झाली त्यांना. म्हणाली, "मग मी जिवंत करते."

पाच वाजेपर्यंत पाच जिवंत. त्यांच्यात लिनक्स घातलं म्हणे, आणि त्यावर मॅक्सिमा नावाचं गणिताचं सॉफ्टवेअर. फुकट. लायसन्स नाही, पावती नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. "मुक्तस्रोत आहे सर, कुणीही आतून उघडून बघू शकतं." ज्यात कुणीही हात घालू शकतो, ती वस्तू काय लायकीची असणार? आमच्या नळावरचा पेलासुद्धा साखळीला बांधलेला असतो!

माझं वय एकोणसाठ. त्यातली तेहतीस वर्षं ह्या रसायनशास्त्र विभागात, नऊ विभागप्रमुख म्हणून. असले उत्साही पुष्कळ बघितलेत. दिवाळीपर्यंत टिकतात.

९ जुलै, बुधवार

आठही चालू. पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. कॉम्प्युटर चालू झाला म्हणून शिट्ट्या!

१४ जुलै, सोमवार

तिसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल चालू होतं, सहज डोकावलो. (सहज कसलं — मुद्दामच.) टेबलावर ब्युरेट उभ्या आणि सगळ्यांची तोंडं स्क्रीनकडं. आकडे टाकायचे, एक ओळ टाइप करायची, खाली आलेख हजर. तीन सेकंदांत! आम्ही ग्राफ पेपर, पेन्सिल आणि लॉग टेबल घेऊन अख्खी दुपार बसायचो. बोटं काळी व्हायची. त्याला शिकणं म्हणतात.

प्रियदर्शनी म्हणून एक मुलगी आहे, मोहोळवरून रोज एसटीनं येते. मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "सर, माझ्या मोबाइलवरबी चालतंय की! एसटीत बसून गणित सोडवलं."

"आणि नेट गेलं की?"

"नेट लागतच नाही सर. ह्यात उतरवून घेतलंय."

मोबाइलवर केमिस्ट्री. उद्या मोबाइलवर पोहायला शिकतील.

हत्तुरेबाईला बाजूला घेऊन विचारलं — इंटिग्रेशन यंत्र करणार, रेषा यंत्र काढणार, मग मुलं काय करणार? म्हणाली, "रेषा खरी आहे का ते बघतील, सर."

वय सत्तावीस. आणि उत्तरं अशी.

१९ जुलै, शनिवार

विभागाची बैठक. प्राचार्य स्वतः आले. मॅक्सिमा म्हणजे त्यांना पित्ताची गोळी वाटली असणार, पण 'फुकट' हा शब्द कानावर पडला आणि चेहरा उजळला. "म्हणजे मला काहीच मंजूर करायला नको? उत्तम! उत्तम!" दोनदा उत्तम. ह्या माणसाला कुणी फुकट विष दिलं तरी दोनदा उत्तम म्हणेल.

मी म्हटलं, पुस्तकातली गणितं कशानंही सुटतात. ती लिहिलेलीच असतात सुटायला. खरं संशोधन, खरी रीडिंग — तिथं हे खेळणं टिकतं का बघू.

"द्या की सर," शिवलीला म्हणाली. "तुमचीच द्या."

सगळे हसले. मीपण हसलो. देतो म्हटलं.

२२ जुलै, मंगळवार

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधातलं एक पान झेरॉक्स काढून दिलं. कापडाच्या लाल रंगाचं पाणी, त्यात पेरॉक्साइड घालायचं, दर दोन मिनिटांनी यंत्रावर रंग मोजायचा. शून्यापासून अठरा मिनिटांपर्यंत दहा रीडिंग. लॉग काढून मांडली की सरळ रेषा — फर्स्ट ऑर्डर! म्हणजे रंग ठरलेल्या वेळात निम्मा होतो, तेवढ्याच वेळात पुन्हा निम्मा. जुळणी शून्य पूर्णांक नव्व्याण्णव. हातानं काढलेली. १९९५ साल.

माझे गाईड कोरे सर. चनबसप्पा कोरे. अकरा वर्षं झाली त्यांना जाऊन. एक आकडा तपासल्याशिवाय पुढं सरकायचे नाहीत. त्यांच्या हाताखाली काम केलेल्या माणसाला ही मुलगी आता फुकटच्या सॉफ्टवेअरनं तपासणार. तपास बाई.

आणि ते नुसतं कागदावरचं काम नाही. एमआयडीसीत रेवणप्पाचा डाइंगचा कारखाना आहे, टॉवेल-चादरींचं सूत रंगवतो. रंगाचं पाणी बाहेर सोडायच्या आधी ज्या टाकीत थांबवतात, ती टाकी माझ्या आकड्यावर बांधलीय. एक तास थांबलं की शंभरातले दोन भाग रंग उरतो, बाकी साफ. सतरा वर्षं चालू आहे. कुठल्या पोराच्या मोबाइलवर टाकी बांधून दाखवा म्हणावं.

२५ जुलै, शुक्रवार

अजून उत्तर नाही. अडकलं वाटतं खेळणं.

२८ जुलै, सोमवार

अडकलं नव्हतं.

शिवलीला केबिनमध्ये आली, दार ओढून घेतलं. कागदावर दोन आलेख. पहिला माझा — दहा ठिपके आणि सरळ रेषा. "सर, नीट बघितलं तर ठिपके रेषेभोवती विखुरलेले नाहीत. वाकलेत. दोन्ही टोकांचे रेषेच्या वर, मधले खाली." दुसरा तिचा. तीच दहा रीडिंग, सेकंड ऑर्डर धरून. दहाही ठिपके रेषेवर. एकही बाहेर नाही.

"मुलांनी काढलं," म्हणाली. वर हेही! "आधी मला वाटलं त्यांनीच काहीतरी चुकवलं. मग मी स्वतः केलं."

मी म्हटलं, दहा ठिपक्यांवरून कशालाही काहीही बसवता येतं.

"बरोबर आहे सर. फरक पुढं कळतो. सेकंड ऑर्डर असेल तर रंग आधी भराभर जातो आणि मग रेंगाळतो. म्हणून विचारते, अठरा मिनिटांनंतरची रीडिंग घेतली नव्हती का?"

"यंत्र बिघडलं होतं."

"बरं," म्हणाली, आणि एक चिठ्ठी टेबलावर ठेवली. यंत्र बिघडलं नसतं तर काय आलं असतं, ते मॅक्सिमानं काढलेलं. पंचविसाव्या मिनिटाला ०.२०, तिसाव्याला ०.१८, पस्तिसाव्याला ०.१६, चाळिसाव्याला ०.१४.

आता ज्योतिषीपण झालं फुकटात! चिठ्ठी खिशात टाकली. फेकायला हवी होती.

३ ऑगस्ट, रविवार

दुपारी जेवून माळ्यावर चढलो. ही खालून ओरडत होती, ह्या वयात शिडीवर कशाला म्हणून. प्रयोगाच्या वह्या पत्र्याच्या पेटीत. वाळवीनं दोन खाल्ल्या आहेत. फेब्रुवारी १९९५ची नाही खाल्ली. वाळवीलापण नेमकं कळतं.

ते पान. दहा रीडिंग. त्याखाली आणखी चार. निळ्या शाईची आडवी रेघ मारलेली, पण वाचता येतात.

०.२०
०.१८
०.१६
०.१४

चिठ्ठी बाजूला ठेवून बघितली.

तीस वर्षांपूर्वी ह्या हातानं मोजलेले आकडे. ते कुठं छापले नाहीत, कुणाला दाखवले नाहीत. आणि ते पोरांच्या मोबाइलवर आले!

ती चार खोडायला कोरे सरांनीच सांगितलं असणार. त्या काळी तसंच चालायचं. शेपटाकडची रीडिंग भरवशाची नसतात, काढून टाका. सरांनीच म्हटलं असावं.

५ ऑगस्ट, मंगळवार

हो, सरांनीच म्हटलं होतं. आठवलं.

९ ऑगस्ट, शनिवार

रेवणप्पाच्या कारखान्यात गेलो. निमित्त काढलं — विद्यार्थ्यांची भेट ठरवायची आहे. रेवणप्पा गावाला गेलेला. बरंच झालं. कामगारानं टाकी दाखवली. पाणी वरून बघितलं तर स्वच्छच वाटतं. म्हटलं, उगाच घाबरलो. मग पाइप जिथं बाहेर पडतो तिकडं, भिंतीच्या मागं गेलो.

ओढा गुलाबी. लाल नाही, गुलाबी. मुलींच्या रिबिनीचा असतो तसा. गाळसुद्धा तसलाच.

पलीकडं एक म्हातारी शेळ्या घेऊन बसलेली. चंद्रव्वा नाव. मला बघून म्हणाली, "येन्री, काय वो साहेब, मोजायला आलाव का पाणी?"

म्हटलं, असंच बघायला आलोय.

"बघा की. सतरा वर्सं बघतीय मी. शेळ्या तोंड लावंनात ह्याला. हीरीचं पाणी बी उनाळ्यात असंच येतंय. तीनदा आत जाऊन सांगितलं मालकाला."

"मग काय म्हणाले?"

"काय म्हणत्यात? मोट्या प्रोफेसरचा हिशोब हाय म्हणत्यात. डॉक्टर हाय त्यो. एका तासात पाणी साफ हुतंय असं लिवून दिलंय त्यानं. तुज्या शेळीला काय कळतंय, म्हणत्यात." ती हसली. "मी म्हनलं, शेळीला कळतंय, म्हणून तर पीत न्हाय."

मी कोण ते तिनं विचारलं नाही. मी सांगितलं नाही. 'हुशार आहेत शेळ्या' असलं काहीतरी गचाळ बोलून गाडीला किक मारली.

१२ ऑगस्ट, मंगळवार

शिवलीलाला विचारलं, ते सॉफ्टवेअर वापरतात कसं? तिच्या तोंडावर हसू येईल म्हणून मी तयार होतो. आलं नाही. खुर्ची ओढून दिली आणि बाहेर गेली.

दुपारची मागची खोली रिकामी. टाइप केलं. काहीच होईना. पुन्हा केलं. तसंच. वीस मिनिटं तो कर्सर लुकलुकतोय, मी त्याच्याकडं बघतोय. शेवटी प्रियदर्शनी जर्नल न्यायला आली तिनं सांगितलं — "सर, शेवटी अर्धविराम राहिलाय की." एक अर्धविराम! विभागप्रमुखाला एका अर्धविरामासाठी तिष्ठत ठेवतं हे सॉफ्टवेअर. पण निदान सर्वांना सारखंच ठेवतं. प्राचार्यांसारखं नाही.

अर्धविराम दिला. चौदाही रीडिंग घातली, खोडलेली चार धरून. मग एक तासाला काय उरतं ते विचारलं.

शंभरातले दोन नाही. बारा.

शंभरातले दोन उरायला किती वेळ लागेल, तेही विचारलं. साडेसहा तास.

हातानं करून बघितलं, ग्राफ पेपरवर, लॉगनं, सगळं. बारा. साडेसहा. पेन्सिलीनंपण तेच सांगितलं. १९९५लापण तेच सांगितलं असतं तिनं.

१८ ऑगस्ट, सोमवार

रेवणप्पाला सांगितलं. त्याच्या ऑफिसात, समोरासमोर. एक तास पुरत नाही, साडेसहा लागतात, टाक्या वाढवाव्या लागतील.

आधी त्याला पटेना. "सर, तुमीच सही करून दिलंय की. एक तास. मी फ्रेम करून लावलंय ते." खरंच लावलंय. त्याच्या खुर्चीच्या मागं, काचेत, माझी सही.

मग मी सांगितलं. प्रबंधाच्या वेळी चौदा रीडिंग होती, चार काढून टाकली. माझ्या गाईडनी काढायला लावली. मी लहान होतो, त्यांच्यापुढं बोलायची हिंमत नव्हती. कोरे सर म्हणाले, "शहाजी, शेपूट काप, रेषा सरळ कर," आणि मी कापलं.

एवढं वाक्यच्या वाक्य मला कसं आठवलं कोण जाणे. बोलताना मात्र एकदाही अडखळलो नाही.

रेवणप्पानं काचेतल्या सहीकडं वळून बघितलं. मग उठून माझे दोन्ही हात धरले. "सर, आजकाल कोण कबूल करतंय हो? आपली चूक नसताना? लई मोठं मन हाय तुमचं." टाक्या वाढवतो म्हणाला. तोवर पाणी साठवून ठेवतो, एका पाळीचं काम बंद ठेवतो. त्यानं ते केलंच, मी निघायच्या आधी सुपरवायझरला बोलावून सांगितलंसुद्धा.

मोठं मन! घरी येईपर्यंत ते दोन शब्द चघळत होतो. सांगायला लाज वाटते, पण गोड लागले.

२३ ऑगस्ट, शनिवार

प्राचार्यांना रेवणप्पानंच फोन करून कौतुक सांगितलं. मग काय! मुलांसमोर बोलायलाच लावलं मला. विषय — 'संशोधनातील प्रामाणिकपणा.' फलक रंगवून घेतला, त्यात 'प्रामाणिक'चा णि पहिला! चुकीच्या णीच्या फलकाखाली उभा राहून बोललो.

(णि पहिलाच बरोबर आहे. आत्ता शब्दकोश बघितला. फलक बरोबर होता.)

पुन्हा तेच सांगितलं. कोरे सर, शेपूट, सरळ रेषा. ह्या वेळी सरांच्या हातात निळं पेनपण दिलं मी. मुलं टाळ्या वाजवत राहिली. काही मुली डोळे पुसत होत्या. कशाला रडतात ह्या? अकरा वर्षांपूर्वी गेलेला माणूस उठून काही सांगणार नाही, एवढं ज्याला कळलंय तो समोर उभा आहे, आणि ह्या टाळ्या वाजवतायत. प्राचार्य म्हणाले, "उत्तम! उत्तम!"

शिवलीलानं टाळी वाजवली नाही. जिन्यात गाठलं मला. "सर, वहीचं ते पान मुलांना दाखवायचं होतं. स्कॅन करून घेऊ?"

"वही वाळवीनं खाल्ली."

"बरं," म्हणाली. हिचं हे 'बरं' मला ऐकवत नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी दहाला शिवबाई काकूंचा फोन. कोरे सरांच्या पत्नी. ऐंशीच्या पुढं वय, होटगी रोडला एकट्या राहतात. मी पीएच.डी. करत असताना दोन वर्षं त्यांच्या घरी जेवलो. नातेपुत्याहून आलेलं मेंढरामागचं पोर मी, मेसचं अन्न सोसायचं नाही. काकूंनी कधी विचारलंसुद्धा नाही, ताट वाढायच्या.

"शहाजी, शेजारची पोरगी तुझ्या कालेजात हाय. ती सांगत हुती. ह्यांनी तुला खोटं करायला लावलं म्हणून तू भाषणात बोललास?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला बाकी काय नको रे. एवढंच सांग. खरं हाय का? पन्नास वर्सं मी ह्या माणसासंगं काढली. तू म्हणशील ते मी खरं धरीन. तू खोटं बोलायचा न्हाईस."

"हो काकू," मी म्हणालो. "खरं आहे."

मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस," आणि फोन ठेवला.

१ सप्टेंबर, सोमवार

पाच दिवस काही लिहिलं नाही. आज लिहितो.

फेब्रुवारी पंचाण्णवमध्ये कोरे सर सोलापुरात नव्हतेच. परीक्षक म्हणून धारवाडला गेले होते. प्रयोगशाळेत मी एकटा होतो. सबमिशनला दोन महिने उरले होते आणि मला सरळ रेषा पाहिजे होती. ती चार रीडिंग सरांनी जन्मात पाहिली नाहीत. ते यायच्या आधी मी खोडली, आणि दहाच दाखवली.

आज वही घेऊन काकूंकडं गेलो. पान उघडून समोर ठेवलं, सगळं सांगितलं. त्यांनी तारखेवर बोट ठेवलं, बराच वेळ तिथंच ठेवलं. मग वही मिटून माझ्याकडं सरकवली.

तीस वर्षं मला 'तू' म्हणणाऱ्या काकू म्हणाल्या, "जावा आता तुमी."